विचारलेली संमती आणि गृहीत धरलेली संमती
कामगार संघटनांचा राजकीय खर्च : अमानतीच्या दृष्टीने एक विचार

आपल्या घरांत कमाई हलाल असावी याची काळजी घेतली जाते, आणि ती घ्यायलाच हवी. परंतु कमावलेला पैसा आपल्या हातून निघून दुसऱ्याच्या हाती गेल्यावर तो आपल्या नावाने कोठे खर्च होतो, याची चौकशी आपण क्वचितच करतो. मशिदीची वर्गणी, जमातीचा निधी, पतसंस्थेचा भाग, कामगार संघटनेची वर्षाची पावती, या सर्व ठिकाणी आपण पैसा देतो तो एका विशिष्ट हेतूने. घेणारा तो त्याच हेतूसाठी सांभाळतो तेव्हा तो अमीन, म्हणजे विश्वस्त ठरतो. त्याने हेतू बदलला आणि देणाऱ्याला विचारले नाही, तर त्याचे स्थान काय राहते? या लेखात हा प्रश्न कामगार संघटनेच्या संदर्भात मांडला आहे. सभासदांच्या वर्गणीतून एखाद्या पक्षासाठी किंवा उमेदवारासाठी खर्च करायचा असेल, तर प्रत्येक सभासदाची संमती आवश्यक आहे काय?

मुळशी तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. पिरंगुट आणि उरवड्याच्या पट्ट्यात कारखाने आहेत. त्याच रस्त्याने टेमघरचा घाट चढून पुढे गेले की लवासा लागते. तेथे हॉटेलांत, बागांत, सफाईच्या आणि पहाऱ्याच्या कामावर माणसे राबतात. त्यांत आपलेही बांधव आहेत. निवडणुका जवळ आल्या की जुम्याच्या नमाजनंतर या स्वरूपाचा प्रश्न हमखास येतो : "मौलाना, पावती माझ्या नावाची आहे, पण सभेत झेंडा त्यांचा लागतो. हा पैसा माझ्या हिशेबात धरला जाईल का?" विचारणाऱ्याला येथे कायद्याचा सल्ला नको असतो. कयामतच्या दिवशी आपल्याला काय विचारले जाईल, याची त्याला चिंता असते. म्हणून उत्तरही तितक्याच गांभीर्याने द्यायला हवे.

संघटना ही नेकीची गोष्ट आहे

प्रथम एक गैरसमज दूर करू. काही धार्मिक वृत्तीचे लोक संघटनेपासूनच दूर राहतात. संघटना म्हणजे भांडण आणि राजकारण, असे त्यांना वाटते. ही समजूत सीरतच्या अभ्यासाशी जुळत नाही. नबुवतीच्या पूर्वी मक्केत हिल्फुल फुजूल नावाचा करार झाला. यमनच्या जबीद टोळीतील एक व्यापारी माल घेऊन मक्केत आला. आस बिन वाइल या बड्या सरदाराने त्याचा माल घेतला आणि दाम दिले नाहीत. परक्या माणसाला कोणी वाली नव्हता. तेव्हा काही घराण्यांचे लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली की, ज्याच्यावर अन्याय होईल त्याच्या बाजूने ते एकजुटीने उभे राहतील आणि त्याचा हक्क मिळवून देतील. प्रेषित मुहम्मद (स.) त्या करारात सहभागी होते. पुढे नबुवतीच्या काळातही त्यांनी त्या कराराचा गौरव केला आणि इस्लाममध्येही अशा कराराची हाक आली तर आपण तिला प्रतिसाद देऊ, असे सांगितले.

मेहनतीचे दाम बुडवणाऱ्या बलवानासमोर दुबळ्यांनी एकत्र येणे हाच तर कामगार संघटनेचा प्राण आहे. महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केले आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. आज आठवड्याची सुट्टी आपण सहज उपभोगतो. ती एकेकट्या कामगाराच्या विनवणीने मिळालेली नाही.

त्याचप्रमाणे, संघटनेने राजकारणाला स्पर्शच करू नये, हे म्हणणेही टिकत नाही. कामगाराची मजुरी, कामाचे तास, अपघाताची भरपाई, हे सगळे कायद्याने ठरते आणि कायदा राजकारणातून जन्मतो. लवासाचेच उदाहरण पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एखादी कंपनी अशा प्रक्रियेत जाऊन शेवटी तिची मालमत्ता विकण्याची वेळ आली, तर पैसा आधी कोणाला मिळणार? कामगारांची मागील चोवीस महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या धनकोंच्या बरोबरीने धरावी, असे दिवाळखोरी संहितेत लिहिले आहे. हे वाक्य संसदेने लिहिले. ते नसते तर सफाई कामगाराचा पगार बँकेच्या कर्जाखाली दबून गेला असता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप केला. तो पगारासाठी नव्हता. संपाच्या हक्कावर बंधने आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध तो होता. तो राजकीय होता आणि तरीही तो कामगारांच्या भाकरीचा प्रश्न होता.

तेव्हा संघटना असावी, आणि तिला राजकीय हिताचे भान असावे, हे मान्य करूनच पुढे जायचे आहे. ते काम करताना सभासदाचा पैसा सभासदाला न विचारता वापरता येईल काय, एवढाच प्रश्न उरतो.

कायद्याने आखलेली रेषा

भारतात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच विचारात घेतला गेला. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने संघटनेच्या पैशाचे दोन भाग केले. पहिला सर्वसाधारण निधी. तो कशावर खर्च करता येईल याची यादी कलम १५ मध्ये होती : कार्यालयाचा खर्च, कोर्टकचेरी, मालकाशी चाललेला तंटा, आजारपण, अपघात, म्हातारपण आणि बेकारीत मदत, सभासदांच्या मुलांचे शिक्षण, इतकेच काय, मयत सभासदाच्या दफन किंवा दहनाचा आणि धार्मिक विधींचा खर्चदेखील. दुसरा निधी राजकीय कामासाठी, आणि तो कलम १६ प्रमाणे पूर्णपणे वेगळा. उमेदवाराचा निवडणूक खर्च, त्याच्या प्रचाराच्या सभा आणि पत्रके, निवडून आलेल्या प्रतिनिधीचा निर्वाह, मतदार नोंदणी, हे सर्व याच निधीतून करायचे. त्यासाठी वर्गणीही वेगळी घ्यायची. या निधीला पैसे देण्याची कोणत्याही सभासदावर सक्ती करता येत नाही. जो देणार नाही त्याला संघटनेच्या कोणत्याही लाभापासून वगळता येत नाही, त्याला उणे लेखता येत नाही, आणि सभासद करून घेताना ही वर्गणी देण्याची अट घालता येत नाही. औद्योगिक संबंध संहिता २०२० ने आता या जुन्या कायद्याची जागा घेतली आहे, पण वेगळ्या निधीचे आणि सक्ती नसण्याचे तत्त्व तिच्यातही कायम आहे.

ही रेषा इंग्लंडमधील एका वादातून आली. तेथील रेल्वे कामगारांच्या संघटनेचे एक सभासद ऑस्बर्न हे लिबरल विचाराचे होते. त्यांच्या वर्गणीतून मजूर पक्षाच्या प्रतिनिधींना मदत दिली जात असे. ते न्यायालयात गेले आणि १९०९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने असा खर्च बेकायदा ठरवला. त्या काळी संसद सदस्यांना वेतन नव्हते, त्यामुळे गरीब कामगाराला संसदेत बसवायचे तर संघटनेनेच त्याचा निर्वाह करावा लागे. म्हणजे दोन्ही बाजूंना काही ना काही न्याय्य आधार होता. १९१३ च्या कायद्याने तोडगा काढला : राजकीय निधी वेगळा असावा आणि ज्याला द्यायचे नाही त्याने तसे लेखी कळवावे. १९२७ मध्ये नियम उलटा केला गेला : ज्याला द्यायचे आहे त्यानेच लेखी कळवावे. १९४६ मध्ये पुन्हा पहिला नियम आला. २०१६ मध्ये नव्या सभासदांसाठी पुन्हा दुसरा.

या इतिहासात एक बोध दडलेला आहे. १९२७ नंतर राजकीय वर्गणी देणाऱ्यांची संख्या बरीच घटली आणि १९४६ नंतर ती पुन्हा वाढली. या काळात कामगारांचे विचार प्रत्येक वेळी पालटले होते, असे मानणे कठीण आहे. पालटला होता तो गप्प बसण्याचा अर्थ. एका नियमात मौन म्हणजे होकार होता, दुसऱ्या नियमात मौन म्हणजे नकार. ज्या पक्षाच्या हाती सत्ता आली त्याने मौनाचा अर्थ आपल्या सोयीने लावला. आपल्या कायद्याने सक्ती नको असे स्पष्ट सांगितले, परंतु सभासदाला कसे विचारायचे आणि त्याच्या मौनाचा अर्थ काय लावायचा, हे फारसे उलगडले नाही. नेमक्या याच ठिकाणी शरीअतचे मार्गदर्शन आपल्या उपयोगी पडते.

हुनैननंतरचा प्रसंग

सूरह निसाच्या एकोणतिसाव्या आयतीत एकमेकांची मालमत्ता नाहक गिळण्यास मनाई केली आहे आणि देवघेवीचा पाया परस्परांची रजामंदी हा ठरवला आहे. माणसाचे धन त्याच्या मनाच्या खुशीशिवाय दुसऱ्याला हलाल होत नाही, अशा आशयाची हदीसही प्रसिद्ध आहे. पण संमती व्यक्तीची की समूहाची, या आपल्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर हिजरी सन ८ मधील एका प्रसंगात मिळते. तो सही बुखारीत आला आहे.

हुनैनच्या लढाईनंतर हवाजिन टोळीचे कैदी आणि मालमत्ता मुस्लिमांमध्ये वाटली गेली. नंतर हवाजिनचे लोक इस्लाम स्वीकारून आले आणि त्यांनी आपली माणसे व माल परत मागितला. प्रेषितांनी (स.) त्यांना दोहोंपैकी एक निवडायला सांगितले. त्यांनी माणसे निवडली. प्रेषितांनी (स.) लोकांसमोर उभे राहून आपली इच्छा सांगितली की कैदी परत करावेत. ज्याला खुशीने परत करायचे आहे त्याने करावे, आणि ज्याला आपला हिस्सा सोडायचा नाही त्याला पुढे येणाऱ्या पहिल्या उत्पन्नातून मोबदला दिला जाईल, असेही सांगितले. लोकांनी एका आवाजात होकार दिला.

येथे काम संपले असते. हेतू पवित्र होता, विनंती करणारे खुद्द अल्लाहचे प्रेषित होते आणि जमावाने मोठ्याने हो म्हटले होते. तरी प्रेषितांनी (स.) तो होकार पुरेसा मानला नाही. तुमच्यापैकी कोणी परवानगी दिली आणि कोणी दिली नाही हे आपल्याला कळलेले नाही, म्हणून परत जा आणि तुमच्या उरफांमार्फत तुमचे म्हणणे कळवा, असा आदेश त्यांनी दिला. उरफा म्हणजे आपापल्या गटाची माहिती ठेवणारे प्रमुख. लोक परतले, प्रमुखांनी त्यांच्याशी बोलणे केले आणि मग येऊन सांगितले की सर्वांनी खुशीने परवानगी दिली आहे.

इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये याच प्रसंगाचा आणखी एक तपशील येतो. काही सरदारांनी आपल्यासह आपल्या टोळीच्या वतीने नकार दिला. त्यांत अब्बास बिन मिरदास (रजि.) यांनी बनू सुलैमच्या वतीने नकार जाहीर केला. तेव्हा बनू सुलैमच्या लोकांनी तेथल्या तेथे सांगितले की आमचा हिस्सा आम्ही प्रेषितांना (स.) देतो. सरदाराने टोळीचे नाव घेतले होते, पण टोळीला विचारले नव्हते.

या प्रसंगावर थोडे थांबून विचार करा. जमावातील हो हा प्रत्येकाचा हो नसतो. शेजारचा हात वर करतो म्हणून आपलाही हात वर जातो. प्रतिनिधी आवश्यक आहे, कारण हजारो माणसांशी एकेकटे बोलता येत नाही. पण प्रतिनिधीचे काम विचारून येण्याचे आहे, स्वतः ठरवून सांगण्याचे नाही. आणि जो नकार देईल त्याचा हक्क आधीच सुरक्षित केलेला असावा, म्हणजे नकार देणे त्याला जड जाणार नाही. कामगार संघटनेच्या राजकीय निधीसाठी याहून नेमका नमुना कोणता असू शकतो?

मौनाचा अर्थ

फिकहमध्ये एक कायदा आहे. उस्मानी राज्यात एकोणिसाव्या शतकात हनफी फिकहच्या आधारे जी मजल्ला संहिता तयार झाली, तिच्या सदुसष्टाव्या कलमात तो नोंदवला आहे. गप्प बसणाऱ्याच्या तोंडी कोणतेही विधान घालता येत नाही, हा त्याचा पहिला भाग. जेथे बोलणे आवश्यक आहे तेथील मौन हे मात्र विधान धरले जाते, हा दुसरा. दोन्ही भाग एकत्र वाचले तर समतोल साधतो.

दुसऱ्या भागाचे प्रसिद्ध उदाहरण निकाहचे आहे. कुमारिकेचे मौन तिची परवानगी मानले जाते, असे हदीसमध्ये आले आहे. काही लोक एवढेच ऐकतात आणि मौनं संमतिलक्षणम् म्हणून मोकळे होतात. परंतु त्याच हदीसमध्ये तिला विचारण्याचा हुकूम आधी आहे. विचारले, समजावून सांगितले, नकाराला वाव दिला, आणि मग ती लज्जेने गप्प राहिली, तर ते मौन बोलके. ज्या मुलीला विचारलेच नाही तिचे मौन संमती नव्हे. शिवाय जिचा पूर्वी विवाह झाला आहे अशा स्त्रीबाबत मौन पुरेसे नाही, तिची स्पष्ट अनुमती लागते.

हीच कसोटी वर्गणीला लावा. वर्षाच्या पावतीवर एकच रक्कम लिहिलेली आहे. त्यातला किती भाग राजकीय कामासाठी आहे ते लिहिलेले नाही. कामगाराला कोणी काही विचारले नाही, आणि वेगळ्या निधीचे नावही त्याने ऐकलेले नाही. अशा कामगाराच्या मौनाला संमती म्हणणे हे शरीअतच्या दृष्टीने असत्य आहे. कायद्याच्या दृष्टीनेही सर्वसाधारण निधी निवडणुकीवर खर्च करणे हा भंग आहे.

विचारणे कसे असावे, याबद्दलही सावध राहिले पाहिजे. इमाम गजाली यांनी इह्या उलूमुद्दीनमध्ये असा विचार मांडला आहे की, चारचौघांत लाजेच्या भयाने जो पैसा माणूस काढून देतो तो घेणे म्हणजे मारून घेण्यासारखेच आहे. एक मार पाठीवर पडतो, दुसरा मनावर, एवढाच फरक. कारखान्याच्या दाराशी पुढारी वही घेऊन उभा आहे, मागे चार कार्यकर्ते आहेत, आणि कोणी किती दिले ते मोठ्याने वाचले जात आहे. अशा वेळी कंत्राटी कामगाराने दिलेल्या पन्नास रुपयांत खुशी किती आणि भीती किती?

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या विचारावर काही गंभीर आक्षेप आहेत. ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, बहुमताने ठरले ते सर्वांना बंधनकारक असावे, नाहीतर शूराला अर्थ काय? उहुदच्या वेळी मदीनेबाहेर जाऊन लढण्याचे मत प्रबळ ठरले आणि ज्यांचे मत वेगळे होते तेही निघाले. हे खरे आहे. जो हेतू सर्वांनी मिळून स्वीकारला, त्याच्या मर्यादेत बहुमत बांधते. संप करायचा की नाही, करारावर सही करायची की नाही, एखाद्या कामगारविरोधी विधेयकाविरुद्ध आवाज उठवायचा की नाही, हे बहुमताने ठरावे आणि सर्वांनी पाळावे. पण सभासद संघटनेत आला तो मजुरीसाठी आणि सुरक्षिततेसाठी. आपले मत कोणाला द्यावे हे ठरवण्याचा अधिकार त्याने संघटनेच्या स्वाधीन केलेला नाही. फिकहच्या भाषेत संघटना ही त्याची वकील आहे, आणि वकिलाचा अधिकार त्याला सोपवलेल्या कामापुरता असतो. घर भाड्याने देण्यासाठी नेमलेला वकील घर विकू शकत नाही, मग किंमत कितीही चांगली येवो.

दुसरा आक्षेप असा की, ज्याला पटत नाही त्याने संघटना सोडावी. हे म्हणणे ऐकायला सोपे आहे. नव्या संहितेप्रमाणे जेथे एकाहून अधिक संघटना आहेत तेथे ५१ टक्के सभासद असलेली संघटना मालकाशी बोलणारी एकमेव संघटना ठरते. बाहेर पडणारा आपला आवाजच गमावतो. मुंबईच्या गिरणी कामगारांनी हे दुःख भोगले आहे. १९४६ च्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच बोलण्याचा अधिकार होता आणि हा संघ काँग्रेसच्या छायेतला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा पगाराच्या मागणीइतकीच ही घुसमट त्यामागे होती. आपल्या नावाने बोलणारा आपल्याला विचारत नाही, ही भावना माणसाला किती दूर नेते ते त्या संपाने दाखवले.

मुळशीच्या मातीला तर ही व्यथा त्याहून आधीपासून ठाऊक आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. अनेक जमिनींची कागदावरची मालकी सावकारांकडे होती. सावकाराला मोबदला चालणार होता, कसणाऱ्याला जमीन हवी होती. संमती ज्याची घेतली गेली आणि नुकसान ज्याचे झाले, ती दोन वेगवेगळी माणसे होती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कामगाराकडून सही मागायची आणि कंपनीने मात्र भागधारकाला न विचारता पक्षांना कोट्यवधी द्यायचे, हा कुठला न्याय? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात १९५७ मध्ये आला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी आपल्या उद्दिष्टपत्रात बदल केला आणि एका भागधारकाने त्याला हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याप्रमाणे बदल मान्य केला, पण पैशाच्या या वाटेने लोकशाहीला धोका आहे, असा इशारा निकालातच दिला आणि संसदेने याकडे लक्ष द्यावे असे सुचवले. आजही कंपनी कायद्याच्या कलम १८२ प्रमाणे संचालक मंडळाचा ठराव पुरेसा असतो, प्रत्येक भागधारकाला विचारावे लागत नाही. २०१७ मध्ये तर नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली गेली आणि निवडणूक रोख्यांमुळे देणारा लोकांपासून झाकला गेला. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही पावले घटनाबाह्य ठरवली.

विषमता आहे, हे नाकारता येणार नाही. पण तिच्यावरचा उपाय कामगाराची संमती बाजूला सारण्यात नाही. जो नियम कामगार संघटनेला आहे तोच कंपनीलाही असावा, अशी मागणी संघटनांनी करावी, आणि ती मागणी आपला व्यवहार स्वच्छ ठेवूनच करता येते. सूरह माइदाच्या आठव्या आयतीची शिकवण हीच आहे की, कोणाच्या वैरामुळे आपण न्यायापासून ढळू नये.

दोन्ही बाजूंना एकच माप

येथे आपल्या मनाचीही झडती घ्यायला हवी. महाराष्ट्रातील बहुतेक मोठ्या कामगार संघटना कोणत्या ना कोणत्या विचारधारेच्या जवळच्या आहेत. इंटक काँग्रेसच्या, आयटक आणि सीटू कम्युनिस्ट पक्षांच्या, भारतीय मजदूर संघ संघपरिवाराच्या, भारतीय कामगार सेना शिवसेनेच्या. मुस्लिम कामगाराला एखाद्या झेंड्याखाली आपली वर्गणी गेलेली खटकते, तेव्हा तो संमतीचे तत्त्व आठवतो. पण संघटना त्याच्या आवडीच्या पक्षाची असेल आणि शेजारच्या यंत्रावरचा हिंदू बांधव त्या पक्षाच्या विरोधात असेल, तेव्हा हेच तत्त्व त्याला आठवते का? आठवत नसेल तर ते तत्त्व नव्हे, सोय आहे. मापात मारणाऱ्यांचा धिक्कार करणारी सूरह मुतफ्फिफीन घेताना पूर्ण आणि देताना कमी मोजणाऱ्यांबद्दल बोलते. न्यायाचेही माप असते.

आणि हे माप घेऊन आपण आपल्या मोहल्ल्यातही गेले पाहिजे. निवडणुकीच्या आदल्या रात्री जमातीचे चार मान्यवर कोठेतरी बसतात आणि सकाळी जाहीर होते की संपूर्ण जमातीचा अमुक उमेदवाराला पाठिंबा आहे. कोणाला विचारले? अब्बास बिन मिरदास (रजि.) यांना त्यांच्या टोळीने तेथल्या तेथे दुरुस्त केले. आपल्यात तसे बोलण्याचे धैर्य किती जणांत आहे, आणि बोललेले ऐकून घेण्याचे मोठेपण किती मान्यवरांत आहे? पैशाबाबत तर अधिकच सावध असावे. जकातीचे मसारिफ कुरआनने ठरवले आहेत, त्यांत निवडणूक प्रचार नाही. वक्फच्या उत्पन्नात दात्याची अट हीच मर्यादा असते. मशिदीच्या पेटीतील पैसा मशिदीसाठी दिलेला असतो. धार्मिक संस्थांचा निधी आणि जागा राजकीय पक्षासाठी वापरण्यास १९८८ च्या कायद्यानेही मनाई आहे. कारखान्यातील पुढाऱ्याकडून आपण जो हिशेब मागतो, तोच हिशेब मुतवल्लीकडून आणि इमामाकडूनही मागितला गेला पाहिजे.

मग करावे काय?

ज्या बांधवाला आपल्या पावतीची चिंता आहे त्याला माझे सांगणे असे. जो खर्च तुम्हाला न सांगता, न विचारता झाला, त्याचा भार खर्च करणाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. पण कळल्यानंतर विचारणे हे तुमचे कर्तव्य आहे. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क सभासदाला आहे, वार्षिक सभा असते, लेखापरीक्षण असते. जो सभासद वर्षानुवर्षे सभेला जात नाही, हिशेब मागत नाही आणि नंतर घरी बसून कुरकुर करतो, त्याचे मौन मात्र त्या दुसऱ्या प्रकारात मोडू लागते : बोलण्याची गरज असताना पाळलेले मौन. चिडून संघटना सोडण्याची घाई करू नका. तिच्या चांगल्या कामात हात देणे आणि चुकीला चूक म्हणणे, दोन्ही एकाच वेळी करता येते.

आणि ज्यांच्या हाती संघटनेची वही आहे, त्यांत आपलेही काही बांधव आहेत, त्यांना विनंती अशी की राजकीय निधीची पावती वेगळी छापा. तिच्यावर सभासदाची स्वतंत्र सही घ्या आणि ती दरवर्षी नव्याने घ्या, कारण माणसाचे मत बदलते. ही वर्गणी पगारातून परस्पर कापून घेऊ नका. कोणी दिली नाही हे यंत्रावरच्या सोबत्यांना कळू देऊ नका. खर्चाचा हिशेब सूचनाफलकावर लावा. यामुळे निधी कमी जमेल, हे खरे. पण जो जमेल तो मनापासून दिलेला असेल, आणि अशा पैशाच्या पाठीशी देणाराही उभा राहतो. हुनैननंतर प्रत्येकाला विचारण्यात वेळ गेला, तरी कैदी सुटलेच, आणि कोणाच्या मनात सल राहिला नाही.

हेतू कितीही चांगला असला तरी दुसऱ्याच्या पैशाने पुण्य कमावण्याची मुभा इस्लामने कोणाला दिलेली नाही. त्यासाठी आधी त्याच्या दारी जाऊन विचारावे लागते, आणि त्याने नाही म्हटले तर त्याला सलाम करून परतावे लागते.

अल्लाह आपल्या सर्वांना अमानत ओळखण्याची आणि ती जपण्याची तौफीक देवो. आमीन.